बोट ठेवा, बाबा

माझ्या अंगावर एक अक्षर नाही, तरी मी बोलतोय. पुरुषांच्या लघवीच्या तक्रारी विचारणारा मी चित्रांचा कागद. दवाखान्यात सिस्टरांच्या टेबलावर राहतो. दिवसातून किती वेळा जाता, झोपेतून किती वेळा उठता, धार कशी, त्रास किती, हे मी चार ओळींत विचारतो. शेवटच्या ओळीत हसऱ्यापासून रडव्यापर्यंत चेहरे आहेत.

मला सिस्टरांनीच काढलं. आधी छापील फॉर्म होता. तो हातात पडला की पुरुषांचे चष्मे नेमके घरी राहिलेले असायचे! मग बायको वाचायची, आणि हे छताकडे बघत म्हणायचे, "तसं काही नाही."

एक म्हातारे गवंडी असेच आले. फॉर्म लेकीनं वाचला. "बाबा, धार बारीक होते का?" बाबांनी मान खाली घातली. सगळ्याला "नाही". डॉक्टर तरी काय करणार? महिन्याभरानं ओटीपोट धरून बाबा पुन्हा हजर.

या खेपेला सिस्टरांनी लेकीला बाहेर बसवलं आणि मला पुढे केलं.

"मला वाचता येत नाही," बाबा पुटपुटले.

"वाचायचं नाहीच. बोट ठेवा, बाबा."

जन्मभर घरांचे नकाशे बघितलेला माणूस! आधी चूकच काढली. "हा उभा माणूस ओळंब्यात नाही. डावीकडे कललाय."

"त्याला घाई आहे," सिस्टर म्हणाल्या.

बाबा खुदकन हसले. मग धारेच्या ओळीत बोट थेट थेंबांवर गेलं. झोपेच्या ओळीत मात्र अडलं. "उठायचे पाचच चंद्र काढलेत? मला सहावा लागेल." चेहऱ्यांत सवयीनं आधी हसऱ्यावर टेकलं, तिथंच घुटमळलं, आणि सरकत सरकत रडव्यावर जाऊन थांबलं.  सिस्टरांनी उठून डॉक्टरांना बोलावलं.

मूत्राशय तुडुंब निघालं. किडनीवर ताण येऊ लागला होता. आधी नळी घातली, मग ऑपरेशन झालं.

परवा बाबा दाखवायला आले. मला स्वतःच उचललं, जाड धारेवर टिचकी मारली आणि लेकीला आत बोलावलं. "बघ, आधी मी इथं होतो." बोट रडव्या चेहऱ्यावर.

लेकीनं मला हातात घेतलं. "बाबा, तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू विचारत होतीस गं. तुझ्यासमोर कसं बोलायचं?"

तिनं मला टेबलावर ठेवलं आणि बाबांचा हात धरला.

आता माझे कोपरे दुमडलेत, थेंब पुसट झालेत. लवकरच माझ्या जागी नवा कागद येईल. त्याच्यासाठी तुम्हा पुरुषांकडे एकच मागणं: खोलीत शिरताना मर्दुमकी बाहेरच्या बाकावर ठेवून या. जाताना ती तिथंच असते. कोणी उचलून नेत नाही.