दोष कानांचा नव्हता

सुकेशनी सेलूहून सोनपेठला माहेरी आली, तर घरातला जो तो आबांशी ओरडून बोलत होता.

"आबाऽ, जेवायचं काऽ?" धाकटा भागवत त्यांच्या कानाशी किंचाळला. आबा कसनुसं हसले.

"बहिरे झालेत," भागवत तिला म्हणाला. "स्पीकर बिघडला म्हणतेत, पण कानच गेलेत."

आबा म्हणजे चंद्रभान. उभा जन्म गायनपार्टीत गायलेला माणूस. तरुणपणी हैदराबादहून आणलेल्या दोन लाकडी स्पीकरांवर ते पार्टीच्या जुन्या कॅसेट ऐकायचे. आता बहिरा माणूस सूर बिघडवील म्हणून त्यांनी पार्टीत जाणंच सोडलं होतं.

दुपारी मागच्या अंगणात घुंगरू किणकिणलं. "शेळी सुटली बग," आबा खाटेवरूनच म्हणाले. सुकेशनी दचकली. तिलाही ते जेमतेम ऐकू आलं होतं.

तिनं कॅसेट लावली. ढोलकी घुमत होती, पण झांज कुठंच नव्हती, आणि शब्द तोंडात घास धरून गायल्यासारखे. बारीक आवाज गायब होता. सेलूत ती टीव्ही, अॅम्प्लिफायर दुरुस्त करायची, हत्यारं पिशवीत होतीच. तिनं पहिल्या स्पीकरची पाठ उघडली. आत जाड आणि बारीक आवाज वेगळे करून वाटून देणारी क्रॉसओव्हरची पट्टी होती. बारीक आवाजाच्या वाटेवरच्या कंडेन्सरचं एक टोक सोडवून तिनं मीटर लावलं. छापलेल्या आकड्याच्या निम्म्यालाही तो भरेना. वयानं वाळून गेला होता बिचारा.

दुसरा उघडला आणि तिचं डोकंच फिरलं. तिथं कंडेन्सरच नव्हता. पकडीनं तोडलेल्या तारांची टोकं चकाकत होती.

"भागवत! इकडं ये."

भागवत लग्नात डीजे वाजवायचा. तारा बघून त्याचं तोंड उतरलं. "लग्नाची घाई होती, ताई. माझ्या डीजेच्या डब्ब्यातला उडाला व्हता, म्हनून ह्यातला काढला. नवीन आणून बसवनार व्हतो, राहून गेलं."

"आन् आबा स्पीकरचं विचारायले तवा काय सांगितलंस?"

तो स्पीकरची पाठ परत लावायला लागला.

"बोल की! सोताची चोरी झाकायला बापाला बहिरं केलंस? गावभर सांगत फिरलास?"

"एवढं काय त्यात..."

आबा खाटेवरून उठले. "कंडेन्सर नेला, नेऊ दे. मला सांगायचं. मी माझं गाणं सोडलं रे! मला बहिरं कामून केलंस?"

सुकेशनीनं पिशवीतून नवे कंडेन्सर काढले, दोन्ही पट्ट्यांवर डाग देऊन बसवले. राग इतका की डाग देताना बोट पोळलं तरी तिला कळलं नाही. कॅसेट पुन्हा लावली. झांज खणकन वाजली. आबांनी डोळे मिटले, पण त्यांचा चेहरा काही निवळला नाही.

"चल," सुकेशनी भागवतला म्हणाली. "जिथं जिथं बहिरे म्हनून सांगितलंस, तिथं आमच्यासमोर सांग काय केलंस ते."

"ताई, लोक काय म्हनतील?"

"आबांना म्हनले तवा कुठं गेलतास?"

पार्टी आबांचे जुने साथीदार किशनराव यांच्या ओसरीवर तालमीला बसली होती. भागवत पुढं, आबा आणि सुकेशनी मागं. किशनराव लगबगीनं उठले आणि आबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "याऽ चंद्रभानऽ, बसाऽ!"

"वरडू नका," आबा कडाडले. "ऐकू येतंय मला. पोरगं काय सांगायलंय, ते तुमी ऐका आधी."