माझ्या पोटातली चौथी प्रत

मित्रांनो, वकिलांच्या कचेरीत खिडकीशेजारी भिंतीला पाठ लावून उभे असलेले मी एक जुने झेरॉक्स मशीन आहे. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे मला एकच गोष्ट शिकवली गेली: समोर येईल त्याची हुबेहूब प्रत काढायची. कोणाची, कशासाठी, हे विचारायला कोणी शिकवले नाही. अकरा वर्षे मी ते काम इमानेइतबारे केले. भाडेकरार, मृत्युपत्रे, भांडलेल्या भावांच्या घरांचे नकाशे, सगळे माझ्या काचेवरून गेले. आमच्या वकीलबाई आल्यागेल्याला म्हणत, "मूळ कागद कुठला आणि प्रत कुठली, ओळखून दाखवा बरं." ते ऐकून मी फुशारून जाई. कागद अडकला की मात्र त्याच लोकांसमोर मला चापट्या बसत.

माझी खरी जोडी कारकून टाचणीकाकांशी. खिशात, कॉलरला, कधी कधी ओठांतही टाचण्या, म्हणून हे नाव. त्यांच्या हाताला सवयच अशी की कागद दिसला की तीनचे बटण दाबायचे. एक संच कोर्टाला, एक समोरच्या पक्षाला, एक आपल्या फायलीला.

गेल्या महिन्यात चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक ताई आपल्या आत्याबरोबर आली. तिने ज्याच्यावर विश्वास ठेवला, त्याने तिच्या अगदी खाजगी क्षणांचे तिला न कळू देता चित्रण केले आणि एका वेबसाइटवर टाकले. ती वेबसाइट अशाच चित्रणांवर जगते. शेजारी जाहिराती झळकतात आणि मालकांची कमाई होते. 'हे काढा' म्हणून ताईने चार वेळा लिहिले. उत्तर आले: आम्ही फक्त जागा देतो, लोक टाकतात, बाकी सगळे यंत्र आपोआप करते.

ते उत्तर माझ्या काचेवर आले तेव्हा मी बुचकळ्यात पडले. मीही आपोआपच करते की. मग मी आणि ते एकाच माळेचे मणी का?

वकीलबाई म्हणाल्या, "यंत्र आपोआप चालत असेल. पण पैसे आपोआप खिशात पडत नाहीत, खिसा उघडा धरावा लागतो." त्यांनी मालकांवर दावा लावायचे ठरवले: चित्रण काढा, पुन्हा चढू देऊ नका आणि त्यावर कमावले ते ताईला द्या.

पुरावा म्हणून त्या वेबसाइटची पाने छापून आली. टाचणीकाका भला माणूस. आपल्या नजरेला काही पडू नये म्हणून त्यांनी मान वळवली, एकेक पान काचेवर पालथे घातले आणि सवयीने तीनचे बटण दाबले. मीही जीव ओतला. प्रती अगदी स्वच्छ आल्या.

दाव्यावर सही करायला आलेल्या ताईने ट्रेमधले तीन गठ्ठे पाहिले.

"हे काय?"

"संच आहेत, ताई. द्यावेच लागतात," काका म्हणाले.

"म्हणजे एकाचे आता चार झाले." तिने पेन खाली ठेवले. "आत्या, चल घरी. मला नाही लढायचं."

मित्रांनो, मला काही कळेना. ज्याचे इतकी वर्षे कौतुक झाले तेच मी केले होते, आणि एक माणूस दुखावला होता. मला लाज वाटत होती, पण नक्की कशाची ते उमजत नव्हते.

वकीलबाईंनी आधी माफी मागितली. मग सांगितले, छापील पाने बंद लखोट्यात फक्त न्यायाधीशांपुढे ठेवायची परवानगी मागू, दाव्यात तुझे नाव येऊ देणार नाही, आणि समोरच्यांना नुसते वेबसाइटवरच्या त्या पानांचे पत्ते देऊ. "त्यांचंच त्यांना कशाला परत द्यायचं?" त्या म्हणाल्या. ताईने तिन्ही गठ्ठे स्वतःच्या हाताने कागद कातरायच्या यंत्रात घातले. पेन उचलले आणि ती थांबली.

"आणि ह्याच्या पोटात?" तिने माझ्याकडे बोट दाखवले.

काका हसले. "अहो, मशीन ते. त्याला काय आठवतंय?"

मला आठवत होते. मी प्रत काढलेल्या प्रत्येक कागदाची छबी माझ्या आत साठते. त्यात कोणाचे नुकसान असेल असे कधी मनातच आले नव्हते. आत्या म्हणाल्या, "विचारून तर बघा." दुरुस्तीवाल्याला फोन लागला. "राहतं ना," तो म्हणाला. "आणि निवडून पुसायची सोय ह्या जुन्यात नाही. पुसायचं तर सगळंच."

"आपले अकरा वर्षांचे कागद आहेत त्यात," काका पुटपुटले.

"ताई सांगेल तसं," वकीलबाई म्हणाल्या.

आता दुरुस्तीवाल्याने माझी पाठ उघडली आहे. ताई समोरच्या खुर्चीत बसली आहे. सगळे पुसल्यावर मी कोण उरेन, मला ठाऊक नाही. भीती वाटते, आणि तरी ते पुसले जावे असेही वाटते. म्हणून आठवते आहे तोवर सांगते. तुमच्या घरातल्या फोनलाही माझ्यासारखेच पोट आहे. कोणाचे असे काही त्यात आले, तर ठेवू नका, पुढे धाडू नका, विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. आम्हा यंत्रांना विचारायचे सुचत नाही. तुम्हाला सुचते.

दुरुस्तीवाला विचारतो आहे, "पुसू का?" वकीलबाईंना नाही, ताईला विचारतो आहे.

"पुसा," ती म्हणते, आणि पेनाचे टोपण काढते.