ओढून बघितलेलं कुलूप

धारूरच्या बाजारात रेवणप्पाचं दुकान होतं. बादल्या, बिजागऱ्या, दोर, सगळं मिळायचं. पण नाव झालं ते कुलपांनी. गिऱ्हाईक आलं की रेवणप्पा कुलूप लावायचा, दोन्ही हातांनी कचकन ओढायचा आणि मग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "वढा. लाजू नका. चोर काय हळू वढणार हाय का?" रात्री दुकान बंद केलं तरी शटरचं कुलूप ओढायचा, चौकापर्यंत जायचा, परत येऊन पुन्हा ओढायचा. बायको उमाबाई म्हणायची, "एक दिवस तुमच्या वढण्यानंच तुटंल ते." बायकोचं ऐकलं तर तो नवरा कसला!

घरातली प्रत्येक किल्ली त्याच्या करदोड्याला असायची. कपाटाची, तिजोरीची, अगदी उमाबाईच्या ट्रंकेचीसुद्धा. किल्ली बाहेर राहिली की कुलूप गेलं, हा त्याचा हिशेब.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सातला, त्याची मुलगी शिवांजली बारावी झाली आणि प्रवेश परीक्षेत असे मार्क पडले की औरंगाबादचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज घरी चालत आल्यासारखंच होतं. ते मिळालं तर पोरगी इंजिनिअर होणार होती, नाहीतर नाही. खासगी कॉलेजची फी कुलपं विकून निघणारी नव्हती. फॉर्म कॉम्प्युटरवर भरायचा होता. तो तिनं अल्ताफच्या नेट कॅफेत बसून भरला, औरंगाबाद पहिल्या नंबरावर टाकलं. शेवटच्या तारखेपर्यंत त्यात बदल करता येत होता, आणि बदल करायला लागायचा पासवर्ड.

"म्हंजी किल्लीच की," रेवणप्पा म्हणाला. "दे इकडं."

"अप्पा, पासवर्ड कुणालाच सांगायचा नसतो."

"मी काय कुणी हाय का गं?"

तिनं एका कागदावर फॉर्मच्या नंबरासकट लिहून दिला. रेवणप्पानं तो तिजोरीत ठेवला आणि त्या रात्री त्याला झोप लागेना. कुलूप लागलं खरं, पण ओढून कुणी बघितलं?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दुकान बंद करून तो कागद घेऊन एकटाच अल्ताफकडे गेला. कोपऱ्यातल्या मशीनवर एक पान कायम उघडं असायचं. वर ठळक मराठीत लिहिलेलं: "तुमचा पासवर्ड किती मजबूत? इथे मोफत तपासा." रेवणप्पाला वाटलं, आपल्यासारखाच कुणीतरी शहाणा या जगात आहे! खाली आधी फॉर्मचा नंबर मागितला होता. त्यातही त्याला काही वावगं दिसलं नाही. कुलपावर नंबर असतो, किल्लीवर तोच असतो. नंबराशिवाय जोडी जुळणार कशी? अल्ताफ सभ्य पोरगा, त्यानं मान दुसरीकडे वळवली. रेवणप्पानं एका बोटानं एकेक अक्षर शोधून दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी आली: "अतिशय मजबूत! निर्धास्त राहा."

येताना तो पेढे घेऊन आला. कशाचे, ते काही सांगितलं नाही.

कॉलेजांची यादी लागली त्या सकाळी बापलेक कॅफेत गेले. शिवांजलीनं स्वतःचं नाव उघडलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. पडद्यावर औरंगाबाद नव्हतंच. एक खासगी कॉलेज होतं, ज्याचं नाव घरात कुणी ऐकलं नव्हतं.

"अप्पा, हे मी टाकलंच नव्हतं! आईशप्पत न्हाई टाकलं!"

अल्ताफनं हेल्पलाइनला फोन लावून दिला. पलीकडचा माणूस थंडपणे म्हणाला, बदल तुमच्याच पासवर्डनं झालाय, म्हणजे तुम्हीच केलाय. तुमची जागा आता दुसऱ्याला गेली.

"मीच काय तरी चुकीचं दाबलं असंल," शिवांजली पुटपुटली. "माझ्याच हातानं वाटोळं केलं मी."

"तू कशाला चुकशील?" अल्ताफ फोन ठेवत म्हणाला. "काका, सकाळपासून हे चौथं लेकरू. चौघांनाबी ह्येच कॉलेज लागलंय."

रेवणप्पाची नजर आपोआप कोपऱ्यातल्या मशीनकडे गेली. तो उठला, तिथं जाऊन बसला. फॉर्मचा नंबर टाकला, आणि पासवर्डच्या जागी नुसता एकचा आकडा. हिरवी पट्टी आली: "अतिशय मजबूत! निर्धास्त राहा." त्यानं तो आकडासुद्धा खोडला, चौकट रिकामी ठेवली आणि बटण दाबलं. अतिशय मजबूत. निर्धास्त राहा.

कुलूपच नव्हतं, तरी ते मजबूत होतं! रेवणप्पा अल्ताफकडे वळला.

"हे कुणी बसवलंय रे?"

"कॉलेजाचा माणूस आलता, काका. सफारीवाला. नव्या खुर्च्या देऊन गेला. म्हणला, गिऱ्हाइकाची सोय हाय." अल्ताफनं पडद्यावरचं कॉलेजचं नाव पुन्हा वाचलं. "या अल्ला. ह्याच कॉलेजाचा."

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, आणि त्या नेऊन कुणी दिल्या? ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना कुलपं ओढायला शिकवलं, त्यानं. गप्प राहणं सोपं होतं. पोर स्वतःलाच दोष देत होती, तिला खरं कधी कळलंही नसतं. पण ती तिथं उभी राहून स्वतःच्या बोटांकडे बघत होती, आणि ते त्याच्यानं बघवेना.

"शिवा, तू न्हाई चुकलीस," तो म्हणाला. "मी आलतो इथं. तुझा पासवर्ड ह्याच्यात टाकलता. पक्का हाय का बघाया."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. बापाकडे ती अशी बघत राहिली, जणू रस्त्यातल्या एखाद्या अनोळखी माणसानं तिला हाक मारली होती.

"अप्पा," ती म्हणाली, "तुमी तर कुणी नव्हता ना?"

ती पायऱ्या उतरून गेली. रेवणप्पाचा हात सवयीनं करदोड्याकडे गेला. सगळ्या किल्ल्या जागच्या जागी होत्या.