परीक्षेचा पाव

“मी इथं नाहीच असं समजा,” नर्स आशलिन म्हणाली आणि खुर्ची ओढून टेबलाशी बसली.

तसं कसं समजणार? नर्स डेलियाची परीक्षा घ्यायलाच आली होती. मागे एकदा पातेलं जळून कोळसा झालं, घरभर धूर कोंडला, आणि डेलिया बाहेर कोंबड्यांशी बोलत उभी सापडली. तेव्हापासून प्रश्न होता, हिला आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या या घरात एकटं राहू द्यायचं की वृद्धाश्रमात न्यायचं. आज निकाल होता. ‘तुम्हाला येतं ते करून दाखवा,’ म्हटल्यावर तिने सोडा ब्रेडच निवडला, यीस्टऐवजी खायच्या सोड्यावर फुगणारा पाव. लग्न होऊन आल्यापासून तो रोज तिच्या हातचा.

मुलगी ग्रेनिया खिडकीपाशी उभी होती.

डेलियाने पीठ घेतलं, मीठ टाकलं, आळं करून ताक ओतलं.





“मळत नाही का फार?” आशलिनने विचारलं.

“मळलं की पाव चिवट होतो. सासू म्हणायची, नवऱ्याला धाकात ठेव, पावाला नको.”

आशलिन हसली. डेलियाने गोळ्यावर सुरीने क्रूसाची चीर दिली, पाव भट्टीत सरकवला, दार नीट लावलं, गरम दाराजवळचं फडकं आठवणीने उचललं.

“झकास. घर सोडायची काही गरज नाही. मी तसं कळवते.” आशलिन गेली.

डेलियाने टेबल पुसून घेतलं.

पाव बाहेर काढला तेव्हा तो फुगलाच नव्हता. उलटा करून तिने बोटाने वाजवला. दगडासारखा बद्द आवाज आला. फळीवर सोड्याच्या डब्याचं झाकण घट्ट होतं.

“ग्रेनिया, मी सोडा...”

“माहितेय, मॅमी. बघितलं मी.”

“आणि गप्प बसलीस?”

“तुला इथंच राहायचंय ना?”

“राहायचंय गं. पण उद्या चूल विसरले तर?”

ग्रेनियाने पाव फडक्यात गुंडाळायला घेतला.

“नर्सबाईंना फोन लाव. मीच बोलते.”

“मॅमी, राहू दे ना.”

“लाव.”

पलीकडे घंटी वाजू लागली. डेलियाने फोन कानाशी धरला, आणि समोर कोणी बघत असावं तसं दुसऱ्या हाताने एप्रनवरचं पीठ झटकून केस सारखे केले.