बहात्तर तासांनी

सोमवारी मी मामांच्या गोठ्यातल्या अठरा गाईंच्या मानेवरचे केस कातरून क्षयाच्या चाचणीचं इंजेक्शन दिलं होतं. बहात्तर तासांनी तिथली कातडी मोजायची. ठरावीक मापापेक्षा जाड झाली तर वर कळवायचं. जनावरांची सरकारी डॉक्टर मी, आणि गोठा सख्ख्या मामांचा. दुसऱ्या कुणाला तरी पाठवा म्हणून साहेबांना सांगून थकले, पण माणूसच नव्हता.

गुरुवारी सगळ्यात दुधाळ चंद्रीला मामा स्वतः धरून पुढे आले. जाडी मोजायचा कॅलिपर लावला. कातडी जशीच्या तशी. मग मी बोट फिरवलं. कातरलेली जागा नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखी गुळगुळीत. तीन दिवसांत खुंट येतात, बोटाला टोचतात. शिवाय कानातल्या बिल्ल्याभोवती ओलं रक्त. मामांना सगळं सुचलं होतं, फक्त केस वाढतात एवढं विसरले होते.

"ही चंद्री नाही."

"बिल्ल्यावरचा नंबर वाच की!"

"मामा, मला खुळी समजलात का?"

माझं डोकंच फिरलं. तडक चाऱ्याच्या खोलीत गेले. गठ्ठ्यांच्या आड खरी चंद्री बांधलेली. मानेवर सुपारीएवढी गाठ. कातडी सोमवारी सात मिलिमीटर जाड होती, आज सतरा.

"आजचा दिवस गप्प बस," मामा मागून म्हणाले. "विकून मोकळा होतो. नाहीतर सगळा गोठा बंद पाडतील."

"आणि घेणाऱ्याच्या घरी तिचं दूध कोण पिणार?"

"याच दिवसासाठी तुला लहानाची मोठी केली?"

"हो. याच दिवसासाठी."

त्यांच्यासमोरच कार्यालयात फोन लावला. कारकुनानं विचारलं, मालकाशी काही नातं?

"सख्खा मामा!" मी मुद्दाम मोठ्यांदा सांगितलं. "फेरतपासणीला दुसरा डॉक्टर पाठवा. तोवर मी इथून हलत नाही." बादली पालथी घातली आणि दारातच ठाण मांडलं.

"ऊठ! आजपासून या घराशी तुझा संबंध संपला."

तरी उठले नाही.

आरडाओरडा ऐकून वहिनी, मामांची सून, लेकीचा हात धरून बाहेर आली.

"ताई, हा रोग माणसांना होतो?"

"कच्च्या दुधातून होऊ शकतो."

एरवी सासऱ्यांसमोर ब्र न काढणारी वहिनी त्यांच्याकडे वळली.

"बाबा, रोज सकाळी चंद्रीचं धारोष्ण दूध तुम्हीच हिला पाजता. गाडीची किल्ली द्या. दवाखान्यात नेते."

"अगं, पोर ठणठणीत आहे..."

"किल्ली द्या. नाहीतर चालत जाते."

मामांचा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. ते नातीकडे बघत होते. "मी चालवतो," एवढंच म्हणाले.

जाताना माझ्यापाशी थांबले. माझ्याकडे पाहिलं मात्र नाही.

"उठू नकोस," म्हणाले. "पाचला गिऱ्हाईक येईल. चंद्रीला हात लावू देऊ नकोस त्याला."