पाहुण्यांच्या खिळ्यावरचं शून्य

मी शून्य बोलतोय. व्याकरणाच्या पुस्तकात मी 'ते शून्य' आहे, पण माझा तोरा 'तो'चा आहे, तेव्हा तेवढं चालवून घ्या. जुनी माणसं मला 'पूज्य' म्हणत. पूज्य म्हणजे ज्याच्या पाया पडावं असा, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. मग एकदा स्टँडमध्ये एकजण दुसऱ्याला म्हणाला, "फुटबॉलमधलं याचं ज्ञान अगदी पूज्य आहे," आणि दोघं खो खो हसले. तेव्हापासून मी जरा जपून फुगतो.

मी पत्र्याचा आहे. एका फुटबॉल क्लबाच्या मैदानावर, गोलच्या मागे, लाकडी माचावर एक मोठा स्कोअरबोर्ड आहे. सगळे त्याला नुसतं 'पाटी' म्हणतात. ती पाटी सांभाळणारे ते पाटीकाका. आठवडाभर ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि सामन्याच्या दिवशी शिडी चढून आमच्यात यायचे. आम्हा सगळ्या आकड्यांना त्यांनीच कापलं आणि रंगवलं. माझं वर्तुळ काढायला ते खिळा आणि दोरी घेऊन बसले होते. निम्मं वर्तुळ झालं आणि कुणीतरी चहाला हाक मारली. ते परत येईपर्यंत दोरी सैल पडली होती. म्हणून मी डाव्या अंगाला थोडा सुजलेला आहे. लांबून कळत नाही म्हणतात. म्हणणारे सगळे लांबच बसतात.

पाटीवर दोन नावं रंगवलेली आहेत, 'आपण' आणि 'पाहुणे'. प्रत्येक नावाखाली एक खिळा आणि प्रत्येक खिळ्याचे दहा आकडे. त्यातल्या आठ आणि नऊ यांनी जन्मात ऊन पाहिलेलं नाही, ते मागच्या फळीवर पेन्शन खात बसलेले असतात. माझा जुळा भाऊ 'आपण'च्या खिळ्यावर असतो. तो खाली उतरला की हजारो माणसं नाचतात. मी उतरलो की शिव्या देतात. भाऊ जाण्यासाठी लाडका, मी राहण्यासाठी. दोघांच्या कर्तृत्वाबद्दल म्हणाल तर सारखंच, काही नाही.

पाटीकाकांना एकाच गोष्टीचा अभिमान होता, तो म्हणजे वेगाचा. गोल झाल्यावर लोकांचा ओरडा विरायच्या आत त्यांचा आकडा बदललेला असे. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी त्यावर तोडगा काढला. पेनल्टी मिळाली, की चेंडू मारायच्या आधीच ते जुना आकडा काढून नवा काखेत धरून उभे राहत. पेनल्टी म्हणजे गोलच, असा त्यांचा हिशेब. वीस वर्षांत तो चारपाच वेळाच चुकला होता आणि तेव्हा त्यांनी आकडा गुपचूप परत लावला होता.

काकांची एकुलती एक मुलगी हाडांच्या दवाखान्यात प्लास्टर घालायचं काम करते. एक दिवस आमच्या क्लबाचा गोलकीपर मोडलेली करंगळी घेऊन तिच्यासमोर बसला. प्लास्टर निघालं तरी त्याच्या दवाखान्यातल्या चकरा थांबेनात, तेव्हा काकांना काय ते समजलं. लोक त्या गोलकीपरला 'कुलूप' म्हणत. गोल झाला की "किल्ली सापडली" म्हणत. लग्नानंतर दोघं काकांच्याच घरी, वरच्या दोन खोल्यांत राहायला आली. काका त्याला अहोजाहो करायचे, जेवताना आग्रह करायचे, पण खेळाचा विषय निघाला की म्हणायचे, "जावईबापू, तुमचं काम म्हणजे माझ्या पाहुण्यांच्या शून्यासारखं. नुसतं जागेवर राहायचं." जावई हसायचा. मला मात्र या तुलनेचा फार आनंद व्हायचा. कुणाशी का होईना, माझी तुलना झाली.

आणि मग आमचा क्लब खंडभरातल्या क्लबांच्या स्पर्धेत फायनलला पोचला. कसा पोचला ते क्लबलाही नीट सांगता येत नाही.

ही फायनल एका सामन्यात आटपत नाही. पहिला सामना एकाच्या मैदानावर, दुसरा पंधरा दिवसांनी दुसऱ्याच्या. दोन्ही सामन्यांतल्या गोलांची बेरीज करायची. बेरीज सारखी आली, तर ज्यानं परक्या मैदानावर जास्त गोल केले त्याचा चषक. म्हणजे पहिल्या सामन्यात आमच्या मैदानावर पाहुण्यांनी गोल न करणं लाखमोलाचं होतं. थोडक्यात, मी खिळ्यावर टिकणं लाखमोलाचं होतं. हे मला कळल्याबरोबर मी जो फुगलो, की उजवी बाजूही सुजली असेल.

पहिला सामना आमच्याकडे झाला. उत्तरार्धात आमच्या पोरांनी एक गोल केला. भाऊ खाली आला, त्याच्या जागी एक लागला. मी ऐटीत लटकत होतो. दोन मिनिटं उरली आणि आमच्या एका बचावपटूनं पाहुण्याचा पाय ओढला. पेनल्टी.

ज्या गोलसमोर चेंडू ठेवला तो मैदानाच्या पलीकडच्या टोकाला होता. म्हणजे गोलमध्ये उभा राहिलेला आमचा कुलूप चेंडूकडे बघत होता आणि चेंडूच्या मागे, थेट नजरेच्या रेषेत, त्याला आमची पाटी दिसत होती. अशा वेळी पाटीकाकांच्या हातानं सवयीनं आपलं काम केलं. मला खिळ्यावरून काढलं, फळीवर ठेवलं, आणि एकचा आकडा काखेत धरून काका उभे राहिले.

पाहुण्यांच्या नावाखाली नुसता खिळा राहिला. हजारो लोकांत तो रिकामा खिळा एकाच माणसाला दिसला.

त्यानं उजवीकडे झेप घेतली आणि चेंडू बाहेर ढकलला. मैदान वेडं झालं. काकांनी घाईघाईनं मला परत लावलं, तेही उलटं. माझं उलटं-सुलटं सारखंच, हा शून्य असण्याचा एकमेव फायदा.

सामना एक-शून्य असा जिंकला. पुढचं मला काकांच्या तोंडून कळलं, कारण माचावर एकटे असले की ते आमच्याशी बोलतात. जावई त्या दिवशी जेवायला खाली आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी मुलगीच आली.

"बाबा, त्या पाहुण्यानं चेंडूला पायही लावला नव्हता. आणि तुम्ही गोल मांडून मोकळे?"

"अगं, माझी पद्धतच आहे ती. गुडघे चालत नाहीत."

"परक्या गोलकीपरला चालते ती पद्धत. हा घरातला आहे."

"मग आता काय करू, पाया पडू त्याच्या?"

"तो म्हणतो, या घरात माझ्यावर कुणाचा भरवसा नाही. फायनल झाली की आम्ही दुसरीकडे खोली बघणार आहोत. मी त्याला थांबवणार नाही, बाबा."

संघ दुसऱ्या सामन्याला निघाला तेव्हा जावई काकांना न भेटताच बसमध्ये बसला. काका मला पुसत सांगत होते, "वरच्या खोल्यांत पावलं वाजली नाहीत तर घर खायला उठेल रे." मी काय बोलणार? अशा प्रसंगी माझ्यासारख्याचं मत पूज्यच.

दुसरा सामना परक्या गावी होता, तरी त्या दुपारी आमचं स्टँड भरलं. क्लबनं कर्ण्यावर रेडिओ लावला होता. समोर रिकामं गवत, आणि लोक त्या गवताकडे बघत सामना ऐकत होते. काकांनी आम्हा दोघा भावांना आपापल्या खिळ्यावर टांगलं. मुलगी माचाखालच्या बाकावर बसली होती, पण वर बघत नव्हती.

विसाव्या मिनिटाला कर्णा कडाडला, "आणि पाहुण्यांचा गोल!"

सगळ्या स्टँडनं एकच सुस्कारा सोडला. एकानं टोपी आपटली. काकांनी नेहमीच्या वेगानं मला उतरवून पाहुण्यांच्या खिळ्यावर एक चढवला. आमच्या गावात पाहुणे म्हणजे समोरचे, हे पाळण्यातल्या मुलालाही ठाऊक. अर्ध्या मिनिटानं बाकावरून हाक आली, "बाबा, आज पाहुणे आपण आहोत."

काका थबकले. स्टँड थबकलं. मग ज्यानं टोपी आपटली होती तो ती शोधायला वाकला आणि त्याच्या पाठीवर चार माणसं आनंदानं पडली. मी परत खिळ्यावर गेलो आणि भाऊ उतरला. आनंदाची बातमी रडून साजरी करणारं आमच्याइतकं हुशार गाव दुसरं नसेल.

पण पुढे रडायचंच होतं. यजमानांनी बरोबरी केली आणि मी खाली आलो. हा गोल कुलूपच्या दोन पायांमधून गेला, असं कर्ण्यानं सांगितलं. "किल्ली सापडली," कुणीतरी पुटपुटलं आणि मुलीनं मान खाली घातली. संपायला पाच मिनिटं असताना त्यांनी दुसराही केला. दोन-एक. शिटी वाजली. लोकांनी बोटांवर बेरीज केली, दोन्हीकडे दोन-दोन आले आणि सगळे कर्ण्याकडे बघायला लागले. कर्णा तेवढ्यात खरखरायला लागला. पुढे काय ते कुणालाच ऐकू येईना.

मी फळीवर पालथा पडलो होतो. काकांनी मला उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि मग दोन्ही खिळ्यांवरचे आकडे काढले. 'आपण'खाली एक. 'पाहुणे'खाली मी. पंधरा दिवसांपूर्वीचा स्कोअर.

आधी वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग बाकावर मुलगी उठून उभी राहिली. आपण त्यांच्याकडे एक केला होता. त्यांनी आपल्याकडे एकही केला नव्हता. चषक आपला होता. हे एकाकडून दुसऱ्याकडे गेलं आणि अख्खं स्टँड पाटीकडे बोटं दाखवत ओरडायला लागलं. बोटं सगळी माझ्याकडे होती. मी मान्य करतो, त्या वेळी मला वाटलं की चषक मीच आणला. मी काय केलं होतं? लटकलो होतो. तेही एकदा उतरवल्यावर, दुसऱ्याच्या झेपेमुळे, उलटा.

दुसऱ्या दिवशी संघ आला. रस्त्यावर गर्दी, चषक बसच्या टपावर. काका मात्र एकटेच माचावर येऊन बसले होते. हातात मी आणि ब्रश. रंगवण्यासारखं माझ्यात काही नव्हतं, तरी ते तीच कड पुन्हा पुन्हा रंगवत होते. थोड्या वेळानं शिडी करकरली आणि जावई वर आला.

काका उठायला गेले, पण गुडघ्यांनी ऐकलं नाही. बसल्या बसल्याच म्हणाले, "जावईबापू, माझं चुकलं. चेंडू हलायच्या आधी मी तुमच्यावर गोल मांडला."

जावई शेजारी फळीवर बसला.

"बाबा, मी पाटी बघायच्या आधीच मनात म्हटलं होतं, हा चेंडू काही मला अडवता यायचा नाही. डोळे मिटून उडी मारली. हाताला लागला."

"मग इतके दिवस..."

"तुम्ही शून्य काढलंत ना, तेव्हा वाटलं, माझ्या मनातलं तुम्हाला तिथून दिसलं. त्याचा राग आला होता. तुमचा नाही."

काकांनी डोळे पुसले. बाहीला रंग होता, तो गालाला लागला. जावयानं रुमाल काढून तो पुसायचा प्रयत्न केला, तर आणखी पसरला. मग दोघंही हसायला लागले आणि खोली बघायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. क्लब पुन्हा काही फायनलला पोचला नाही. काका आता शिडी चढत नाहीत, खाली बाकावर लेकीशेजारी बसतात. पाटी जावई सांभाळतो, आणि त्याच्याइतका मंद पाटीवाला या खंडात नसेल. पेनल्टी मिळाली की तो दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभा राहतो. चेंडू जाळ्यात जातो, पंच मधल्या वर्तुळाकडे बोट करतो, खेळाडू परत जागेवर जातात, तरी मी खिळ्यावर असतोच. स्टँड हसतं. काकांचा जुना अभिमान उसळतो आणि ते खालून ओरडतात, "अहो जावईबापू, गोल झाला. कधीच झाला."

"बघतोय, बाबा," वरून उत्तर येतं.

तेवढा वेळ मी अख्ख्या मैदानाला धडधडीत खोटं सांगत असतो. माझा रंग उडालाय, कडा गंजल्यात, खिळ्याचं भोक मोठं झालंय, एखाद्या वाऱ्याला मी निखळूनही पडेन. पण तुम्ही कधी आमच्या मैदानावर आलात आणि गोल होऊनही शून्य हललेलं दिसलं नाही, तर कृपा करून ओरडू नका. वर कुणीतरी शेवटपर्यंत वाट बघतोय.