टीमला तू हवीस

यंदा आमच्या शाळेच्या मुलींची फुटबॉल टीम जिल्ह्यात पहिली आली आणि लखनौला राज्यस्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात पाच-शून्यनं आपटली. वार्षिक अंकासाठी हेडबाईंनी एक पान मागितलं होतं, ते मी लिहून देऊन टाकलं. किती खेळलो, किती जिंकलो, कुणाचे गोल किती. सगळं खरं आहे. पण हा मोसम आठवायला बसलं की त्यातलं काही डोळ्यांसमोर येत नाही. येते ती तेजश्री, आमच्या गच्चीवर एका पायात मोजा घालून माकडाच्या मागे धावणारी. दुसरा मोजा माकडाकडे होता.

मी एकतीस वर्षं या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. ब्रह्माघाटाच्या गल्लीत थोरल्या भावाबरोबर राहते. लग्न झालं नाही. स्थळं आली नाहीत असं नाही, पण या मृणालिनीच्या जिभेला हाड नाही हे वरपक्षाला पहिल्याच भेटीत कळायचं. भाऊ, म्हणजे ढुंढिराजदादा, पाठशाळेत वेद शिकवून निवृत्त झाला. घरात कांदा-लसूण नाही, टीव्ही नाही, आणि दोघांपैकी एकाला राग आला की दोन-दोन दिवस बोलणंही नाही.

आमच्या शाळेच्या मैदानाच्या मधोमध एक कडुनिंब आहे. बॉल झाडाला लागला तर थ्रो, हा आमचा घरचा नियम. कुणी पास चुकवला की मुली झाडाकडे बोट दाखवायच्या. ‘नाचता येईना अंगण वाकडं,’ म्हणून मी खेकसायची, पण आमचं अंगण खरंच वाकडं होतं. म्हणून दर रविवारी भोसले घाटावरून नाव करून आम्ही पलीकडच्या रेतीवर जायचो. रेतीत पाय रुततात, दहा मिनिटांत मुली हाशहुश करत बसतात. तेजश्री बसायची नाही. अकरावीतली, काटकुळी, डाव्या पायानं मारणारी. बॉल तिच्या पायाशी आला की बाकीच्या दहाजणी आपोआप पुढे पळायला लागायच्या, इतका तिच्यावर भरवसा.

तिचे वडील सुशांत वानखडे रेल्वेत आहेत. तीन वर्षांपूर्वी बडनेऱ्याहून इथे आले होते. दिवाळी झाली आणि त्यांची भुसावळला बदली निघाली. जिल्हा स्पर्धा नुकती सुरू झाली होती, फायनल जानेवारीत. मी बातमी ऐकली तशी त्यांच्या क्वार्टरवर गेले. घरात अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं.

“वानखडेसाहेब, मुलीला माझ्याकडे ठेवा,” मी म्हटलं. “टीमला तिची गरज आहे.”

ते मऊ माणूस. बायकोकडे बघत राहिले. ती चादरींच्या घड्या घालत होती, तिनं मान वर केली नाही.

“कधीपर्यंत, मॅडम?” ती म्हणाली.

“टीम स्पर्धेत आहे तोपर्यंत. हरलो की दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून देते.”

तेवढ्यावर ठरलं. तेजश्रीला कुणी विचारलं नाही. ती दारात उभी राहून एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. टीमला गरज आहे हे मी म्हटलं ते तेव्हा अगदी खरं होतं, यात खोट नव्हती.

दादानं पहिल्या दिवशी तोंड फिरवलं. “परक्याची लडकी. उद्या काही झालं, जिम्मेदारी कुणाची?” चौथ्या दिवशी सकाळी तो चौखंब्याहून येताना मलइयोचा, म्हणजे दुधाच्या गोड फेसाचा, कुल्हड घेऊन आला आणि तिच्यापुढे ठेवला. मी एकतीस वर्षं मैदानावर उन्हात भाजते आहे, मला कधी कुणी मलइयो आणला नव्हता. मी तसं म्हटलंही.

“तू खेळते का?” दादा म्हणाला. “तू तर नुसती चिल्लावते.”

तेजश्री इतकी हसली की फेस तिच्या नाकाला लागला.

खेळणाऱ्या मुलीला अंडी हवीत. आमच्या घरात अंडं म्हणजे महापाप, म्हणून मी शाळेत उकडून डब्यातून आणायची आणि ती गच्चीवर खायची. महिनाभर आम्ही दोघी स्वतःला फार हुशार समजत होतो. मग एक दिवस दादा संध्या आटपून उठता उठता म्हणाला, “मृणाल, गच्चीवर टरफलं पडली आहेत, ती उचल. शेंगदाण्याची इतकी पांढरी नसतात.” माझा भाऊ असा वागू शकतो हे मला छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

खरं सांगते, या सगळ्यात टीम केव्हा मागे पडली ते मला कळलं नाही. सेमीफायनल जिंकली तेव्हा मी जल्लोष केला, तो आणखी बारा दिवस मिळाले म्हणून. सकाळी स्वयंपाकघरात उभं राहून ती हातावर पोळीचा रोल घ्यायची आणि वेणी घालायला माझ्याकडे पाठ करायची. मला वेणी घालता येत नव्हती. मी शिकले. आमच्या घरात कुणी शीळ घातलेली दादाला चालत नसे, ती जिना चढताना शीळ घालायची आणि दादा पोथीतून डोकं वर करून म्हणायचा, “आली.” मला ती हवी होती. जिंकलो की थांबणार, हरलो की जाणार, हा सौदा मीच केला होता.

तिला मात्र मी यातलं काही बोलले नाही. जेव्हा तेव्हा टीम. ताप आला तेव्हा रात्रभर उशाशी बसले आणि सकाळी म्हटलं, “लवकर बरी हो, टीमला तू हवीस.” वाढदिवसाला बूट घेऊन दिले तेही टीमसाठी. मुलींशी दुसरं काही बोलायची मला सवयच नव्हती.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेले. ती कठड्याशी फोनवर बोलत होती. “आई, रडू नकोस ना. उद्या हरलो तर सोमवारी गाडीत बसते. हो ग, पक्का.” मी कपडे तसेच टाकून खाली आले. पोर दोन महिने आईविना राहिली होती, हे त्या आधी माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. आणि शिरल्यावर मी काय केलं? रात्री तिला दूध दिलं आणि म्हटलं, “लवकर झोप, उद्या टीम तुझ्या भरवशावर आहे.”

मॅच एक-एक सुटली. पेनल्ट्या आल्या.

पेनल्टीचा माझा एक नियम आहे. ज्या मुलीला मारायची आहे ती हात वर करते, मी कुणाला नाव घेऊन उठवत नाही. जबरदस्तीची पेनल्टी आकाशात जाते, हे मी पोरींना पहिल्या दिवसापासून सांगत आले आहे. चार हात वर झाले. पाचवा नाही. तेजश्री बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसली होती. टीममधली सगळ्यात भरवशाची पेनल्टी तिची, आणि तिनं हात वर केला नाही. बाकीच्या मुली गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. मला मात्र कारण ठाऊक होतं, निदान मला तसं वाटलं. तिला आई दिसत होती.

अशा वेळी तिला सोडून देणं हे माझं काम होतं. नऊ नंबरच्या नीरजाला पाठवता आलं असतं, ती तयार झाली असती. पण मला आणखी एक महिना दिसत होता. लखनौची स्पर्धा फेब्रुवारीच्या शेवटी होती.

मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. “तेजश्री, पाचवी तू मारायची. टीमला तू हवीस.”

तिनं वर बघितलं. काहीतरी ऐकायची वाट बघावी तशी क्षणभर बघत राहिली, मग म्हणाली, “ठीक है, मॅडम.”

त्यांची पाचवी बाहेर गेली. आमची आत गेली तर आम्ही जिंकणार होतो. तिनं डाव्या पायानं, खाली, कोपऱ्यात मारली. गोलकीपर हललीसुद्धा नाही. मैदानभर नुसता आरडाओरडा झाला. मुली तिच्या अंगावर पडायला धावल्या, तर ती त्यांच्यामधून चालत आली, माझ्या शेजारच्या बाकावर बसली आणि बूट काढायला लागली. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तर तिनं अंग चोरलं नाही, पण जवळही आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर शीळ नव्हती. तिनं मलइयो अर्धा ठेवला. मी तिच्याकडे बघत बसले आणि मला माझी शिसारी आली. एका पोरीला मी तिच्या आईपासून तोडून ठेवलं होतं, आणि वर कप जिंकल्याचं पुण्य घेत होते. मी तिथेच फोन उचलला. ती समोर बसली होती.

“वानखडेसाहेब, मुलीला घेऊन जा. लखनौचं आम्ही बघू. टीमचं काम झालं.”

मला वाटलं, मी मोठं काहीतरी देते आहे. ती ताट उचलून आत गेली.

दादानं पोथी मिटली. “पूछलं का तिला?”

“त्यात काय विचारायचं? तिला घरी जायचं आहे.”

“तू ठेवताना विचारलं नाही, पाठवताना विचारलं नाही,” दादा म्हणाला. “वाह रे मास्टरनी.”

वानखडे बुधवारी आले. दुपारच्या गाडीची तिकिटं होती. दादा स्टेशनवर आला नाही. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि देवघरात जाऊन बसला तो बाहेरच आला नाही. मी प्लॅटफॉर्मवर गेले. गाडी लागलेली होती. वानखडे पाणी आणायला उतरले, आणि आम्ही दोघी दाराशी उभ्या राहिलो.

“खूश ना?” मी म्हटलं. “आता आई भेटेल.”

“हो.” मग म्हणाली, “मॅडम, एक विचारू? टीमचं काम झालं म्हणून पाठवताय ना मला?”

“वेडी आहेस का? तुला घरी जायचं होतं. पेनल्टीला तू हात वर केला नाहीस तेव्हाच मला कळलं.”

“मुद्दामच नाही केला मी हात वर,” ती म्हणाली. “म्हटलं, हरलो तर काय म्हणाल ते बघू. टीम नसली तरी थांब म्हणाल का, ते बघायचं होतं.” तिचे डोळे भरले होते, पण ती माझ्याकडेच बघत होती. “आईला मी समजावलं असतं. मार्चपर्यंत शाळा आहेच की. एकदा म्हणायचं होतं, मॅडम. टीम सोडून.”

एकतीस वर्षं मी मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असं ओरडते. आणि हातभर अंतरावरच्या पोरीला मला चार शब्द सांगता येईनात. तू मला हवी आहेस. एवढंच होतं. गाडीला अजून चार मिनिटं होती, म्हणता आलं असतं. मी तोंड उघडलं.

वानखडे पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन परत आले, आणि मी त्यांना विचारलं, या गाडीत जेवण बरं मिळतं का.